डोंगरात पावसानं गाठलं तर: सोलापूरहून सह्याद्रीत जाणाऱ्यांसाठी

सोलापूरकराला उन्हाचं कोणी शिकवावं लागत नाही. टोपी, पाणी, दुपारची सावली हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. पावसाचं मात्र उलट आहे. आपला पाऊस बहुतेक वळवासारखा: ढग भरून येतात, अर्धा तास झोडपतो, मग मातीचा वास आणि लख्ख ऊन. त्यामुळे पाऊस आला की झाडाखाली थांबायचं आणि तो उघडला की निघायचं, ही आपली सवय. घाटमाथ्यावर हीच सवय घात करते, कारण तिथला आषाढातला पाऊस उघडतच नाही. सोलापुरात वर्षभरात सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर लोक समाधानी असतात. 22-23 जुलै 2021 ला महाबळेश्वरात 24 तासांत सुमारे 594 मिलिमीटर पडला. म्हणजे आपलं जवळजवळ अख्खं वर्ष एका दिवसात.

अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीच्या भिंतीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि कोकण व घाटमाथ्यावर रिते होतात. पूर्वेला उतरेपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही, म्हणून आपण कोरडे. या एका कारणामुळे पावसाचा आपला अंदाज राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाईच्या वाटेवर चालत नाही. चढताना घोट्याइतकं पाणी असलेला ओढा दोन तासांनी छातीइतका होतो आणि खाली जायची वाटच संपते. हवामान बिघडल्यावर किती भिजलो हा प्रश्न दुय्यम आहे. परतीची वाट अजून उघडी आहे का, हे आधी बघायचं. पुढचं सगळं याच हिशेबानं वाचा.

निघण्याआधी: अंदाज कुठला बघायचा

आपल्या जिल्ह्याचा अंदाज बघून काही कळत नाही. पुण्याचाही पुरेसा नाही. भारतीय हवामान विभाग पावसाळ्यात पुणे, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांच्या घाट भागासाठी वेगळा इशारा देतो. त्याचे रंग चढत्या धोक्यानं पिवळा, नारंगी, लाल. पुणे शहर पिवळं आणि पुण्याचा घाटमाथा लाल, असं एकाच दिवशी असू शकतं. बघायचा तो घाटमाथ्याचा रंग.

रंगांमागचे आकडे लक्षात ठेवा. 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे मुसळधार, 115.6 ते 204.4 म्हणजे अति मुसळधार, आणि 204.5 च्या पुढे अत्यंत मुसळधार. आमचं मत सरळ आहे. लाल असेल तर घरी थांबा. नारंगी असेल तर ज्या वाटेवर ओढा ओलांडावा लागतो, नाळेतून (पाण्यानं खोदलेल्या घळीतून) चढावं लागतं किंवा कातळकड्यावरून जावं लागतं, ती वाट रद्द करा. पिवळा असेल तर जा, पण परत फिरायची वेळ घरीच ठरवून जा.

इशारा निघायच्या आदल्या संध्याकाळी बघा आणि पायथ्याच्या गावात पहाटे पुन्हा बघा. फोनमध्ये हवामान विभागाचं 'मौसम' आणि विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं 'दामिनी' ही दोन ॲप ठेवा. दामिनी तुमच्या भोवतीच्या 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघातल्या विजांचा इशारा देतं. मात्र त्याला नेटवर्क लागतं, आणि गडाच्या पोटातल्या वाटांवर ते बहुधा नसतंच. म्हणून शेवटचं नेटवर्क जिथे आहे तिथे थांबून बघा.

या सगळ्यापेक्षा खरी माहिती पायथ्याच्या गावात मिळते. ज्यांच्या घरी चहा घेता त्यांनाच विचारा, "मामा, वरचा ओढा काल कधी उतरला? आज गुरं वर नेलीत का?" गुरं खालीच बांधलेली असतील तर त्यातच उत्तर आलं.

परतीचं तिकीट

सोलापूरहून जाणाऱ्या गटांची ही खास अडचण आहे आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं किंवा एसटीनं पुणं गाठायचं, अर्धवट झोपेत पहाटे पायथ्याला जायचं, गड करायचा आणि संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची. या बेतात मोकळा असा एकही तास नसतो. वर धुकं दाटलं की गट थांबत नाही, कारण गाडी चुकेल. ओढा फुगला की कोणीतरी म्हणतं, "पटकन जाऊ, अजून कमरेइतकंच आहे." या घाईमागे पाऊस नसतो, वेळापत्रक असतं.

म्हणून जून ते सप्टेंबर या काळात परतीचं आरक्षण दुसऱ्या दिवशीचं काढा, किंवा काढूच नका. पुण्याहून सोलापूरला रात्रभर एसटी असतात. एका मुक्कामाची सोय आणि खर्च आधीच धरा. सोमवारी कामावर हजर राहायलाच हवं असं ज्याचं असेल त्याला शनिवारी न्या, रविवारी नको. आणि रात्रभर बसून प्रवास झालेला असेल तर पायथ्याला दोन तास आडवं व्हा. न झोपलेल्या माणसाला थंडी लवकर बाधते आणि त्याचे निर्णयही चुकतात.

पाठीवर काय असावं

कपड्यांपासून सुरुवात करू, कारण चूक तिथेच होते. सुती कपडा आपला जीव की प्राण. सोलापुरी चादर आणि टॉवेल घरात कितीही चांगले असले, तरी पावसातल्या डोंगरावर चादर नेऊ नका. सूत पाणी धरून ठेवतं, जड होतं आणि अंगाची ऊब सतत ओढत राहतं. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. जीन्सचंही तेच. अंगात पॉलिस्टरचा खेळाडूंचा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घाला. पिशवीत एक लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीसचं जॅकेट ठेवा. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब देते, सूत देत नाही.

रेनकोट दोन तुकड्यांचा, म्हणजे जॅकेट आणि पँट असा घ्या. खांद्यावरून टाकायचा पोंचो वाऱ्यात उडतो, तोंडावर येतो आणि पायाखालचं दिसत नाही. छत्री वाडीपर्यंतच.

पाठपिशवीचं वरचं कव्हर पाणी अडवतं या भरवशावर राहू नका. पाठीच्या बाजूनं पाणी आत शिरतंच. शंभर लिटरच्या आसपासची जाड कचऱ्याची पिशवी आतून अस्तरासारखी घाला, सामान तिच्यात भरा आणि तोंड पिळून दुमडा. अशीच दुसरी पिशवी घडी करून सोबत ठेवा. वेळ आली तर एका कोपऱ्याजवळ चेहऱ्यापुरतं भोक पाडून ती डोक्यावरून घालता येते. या पिशवीनं वारा आणि पाऊस दोन्ही तुटतात. एवढ्या कमी पैशात यापेक्षा उपयोगी वस्तू दुसरी नाही.

याशिवाय प्रत्येकाकडे: कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड (मोजे आणि कानटोपीसह, वेगळ्या प्लास्टिकमध्ये, मुक्कामाला पोचेपर्यंत हात न लावायचा), डोक्याला बांधायची बॅटरी व जादा सेल, गळ्यात शिट्टी, दोन ते तीन लिटर पाणी. सहा जणांच्या गटात मिळून: 9 × 12 फुटांची एक हलकी ताडपत्री (शेतीचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळते), ती बांधायला 15 मीटर दोरी, दोन फोम मॅट, एक छोटा गॅस आणि भांडं, ओआरएसची पाच-सहा पाकिटं, 10,000 एमएएचची पॉवर बँक, चिकटपट्टी आणि रुंद पट्टीचं बँडेज.

खाण्याच्या बाबतीत मात्र आपण नशीबवान आहोत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी डोंगरासाठीच केल्यासारखी आहे. विस्तव लागत नाही, चार दिवस टिकते, आणि शेंगदाण्याच्या तेलातून हळूहळू मिळणारी ऊब रात्रभर पुरते. भाकरी तुकडे करून स्टीलच्या डब्यात भरा, नाहीतर पिशवीत तिचा चुरा होतो आणि ओलाव्यानं लगदा. दर माणशी दोन भाकरी, मूठ-दीड मूठ चटणी आणि दीडशे ग्रॅम गूळ किंवा चिक्की हे ठरलेल्या जेवणाशिवाय अडचणीसाठी म्हणून घ्या. चटणी तिखट असते, पाणी मागते, हे धरूनच पाणी भरा.

बिघडायला लागलं की

पुढच्या गोष्टींपैकी कुठलीही एक दिसली की थांबा आणि बोला: समोरची सोंड (डोंगराची उतरती धार) किंवा माची दहा मिनिटांत दिसेनाशी झाली, वारा अचानक थंड होऊन दिशा बदलला, ओढ्याचं पाणी नितळ होतं ते लालसर-तपकिरी झालं, वाटेवरून पाणी वाहायला लागलं, गडगडाट ऐकू आला, गटातला कोणीतरी अर्ध्या तासापासून गप्प आहे.

थांबल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तीन कामं करा. रेनकोट, टोपी, सगळं घाला. भिजल्यावर घालून उपयोग नसतो. प्रत्येकाला गुळाचा खडा किंवा चिक्की आणि दोन घोट पाणी द्या. गट मोजा. मग तीन प्रश्नांची उत्तरं मोठ्यानं द्या: मागे किती ओढे ओलांडून आलो? अंधार पडायला किती तास आहेत? गटातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला खाली पोचायला किती वेळ लागेल? शेवटच्या उत्तरात निम्मी भर घाला, कारण ओला कातळ, शेवाळ आणि चिखल उतरताना चढण्यापेक्षा जास्त वेळ खातात. जुलैत सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो हे खरं, पण धुक्यात आणि रानात सहालाच अंधारतं. बेरीज जमत नसेल तर तिथूनच फिरा. माथा वीस मिनिटांवर असला तरीही.

फिरताना गट तोडू नका. "आम्ही दोघं पटकन वर जाऊन येतो" इथूनच शोधमोहिमा सुरू होतात. सगळ्यात पुढे वाट ओळखणारा, सगळ्यात मागे दुसरा जाणकार, थकलेला माणूस दुसऱ्या क्रमांकावर, आणि चाल त्याच्या पायानं. आल्या वाटेनंच उतरा. नवी जवळची वाट शोधायची वेळ ही नव्हे. नाळेतून तर मुळीच उतरू नका. नाळ म्हणजे पाण्यानं खोदलेली वाट. पावसात पाणी आणि सुटलेले दगड दोन्ही तिच्यातूनच खाली येतात.

ओढा फुगलेला असेल तर

पावसाळ्यात डोंगरात जीव जातात त्यातले बरेचसे पाण्यात. सह्याद्रीतले ओढे आखूड आणि तीव्र उताराचे असतात. वर पाऊस पडला की थोड्याच वेळात भरतात, आणि पाऊस थांबला की काही तासांत उतरतातही. म्हणून ओढ्यावर सगळ्यात मोठं काम थांबण्याचं आहे.

काठावर पाणी जिथे टेकतंय तिथे एक ओळखू येईल असा दगड ठेवा आणि दहा मिनिटं बघा. दगड बुडाला तर पाणी चढतंय. काठापासून निदान दहा-पंधरा फूट उंच, उताराच्या ओघळीत नसलेल्या जागी जाऊन बसा. दगड उघडा पडत चालला असेल तर उतरतंय, अजून थांबा. पाण्याखालून गुडगुड, ठोकल्यासारखा आवाज येत असेल तर तळाचे धोंडे गडगडताहेत. त्या पाण्यात कोणीही उतरायचं नाही, दोरी असली तरी नाही.

वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नये. पाणी गढूळ असेल आणि तळ दिसत नसेल तर गुडघ्याखालीही नको. आणि खाली शंभर-दोनशे फुटांवर धबधबा किंवा कातळाची घसरण असेल तर घोटाभर पाण्यातही नको, कारण तिथे घसरलेल्याला दुसरी संधी मिळत नाही.

पाणी गुडघ्याखाली आहे, तळ दिसतोय, खालच्या अंगाला धोका नाही, आणि ओलांडायलाच हवं, तर असं करा. वाट जिथे ओढा ओलांडते तीच जागा चांगली असते असं नाही. पात्र जिथे रुंद तिथे पाणी उथळ आणि संथ असतं, ती जागा शोधा. बूट काढू नका, अनवाणी पाय शेवाळावर टिकत नाही. पाठपिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर पिशवी टाकून देता येईल. हातात खांद्याइतकी काठी घ्या आणि ती प्रवाहाच्या वरच्या अंगाला टेकवा. तोंड वरच्या अंगाला, चाल आडवी आणि किंचित खालच्या दिशेनं, एका वेळी एकच पाय उचलायचा. तिघे-चौघे असाल तर सगळ्यात दणकट माणूस प्रवाहाच्या वर आणि बाकीचे त्याच्या मागे एका रांगेत, पुढच्याचे खांदे धरून. दोरी कमरेला बांधून कोणालाही पाण्यात उतरवू नका. पाय घसरला की दोरी ताणली जाते, माणूस तिच्या टोकाला अडकतो आणि पाणी त्याला खाली दाबून धरतं. किती तरी गट ही दोरी सुरक्षितता म्हणून बांधतात.

वाहून गेलातच तर उताणे व्हा, पाय पुढे आणि वर ठेवा, उभं राहायचा प्रयत्न करू नका. तळातल्या दगडात पाय अडकला तर पाणी अंगावरून जातं. हातांनी वल्हवत तिरपं काठाकडे सरका.

धुकं

धुक्यात चुकलेला माणूस बहुधा चालत राहिल्यामुळे आणखी चुकतो. मळलेली वाट सुटली असं वाटलं की शेवटची ओळखीची खूण (बाण, टाकं, पायऱ्या) जिथे दिसली होती तिथपर्यंतच मागे जा. एकानं खुणेपाशी थांबायचं, बाकीच्यांनी आवाजाच्या टप्प्यात राहून वाट शोधायची, शिट्टीला शिट्टीनं उत्तर द्यायचं. ढोरवाटा वाटेसारख्याच दिसतात आणि कड्यापाशी नाहीतर गवतात विरून जातात.

फोनमध्ये त्या भागाचा ऑफलाइन नकाशा घरूनच उतरवून घ्या आणि चढताना वाटेची नोंद सुरू ठेवा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही. अंधारात धुकं असेल तर डोक्यावरची बॅटरी डोळ्यांसमोर पांढरा पडदा उभा करते. ती काढून कमरेच्या उंचीला हातात धरा, पायाखालची वाट दिसायला लागते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी धुक्यात कड्याच्या कडेनं चालूच नका. धुकं पोकळी भरून काढत वर येतं आणि कडा कुठे संपला ते कळत नाही.

वीज

एप्रिल-मेचा वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस यांत विजेचा धोका सगळ्यात मोठा असतो, आणि हा धोका आपल्याकडेही आहे. येडशीचं रामलिंग, बालाघाटाचे माथे, नळदुर्गाचा तट इथेही दुपारी तीननंतर ढग उभे राहतात. या महिन्यांत उघड्या माथ्यावरून दुपारी दोनच्या आत खाली यायचं, हा नियम करून टाका.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. लगेच माथा, सोंड, बुरूज, ध्वजस्तंभ सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं पुन्हा वर जायचं नाही. कळसूबाईच्या शिड्या आणि राजगडाच्या वाटेवरचे रेलिंग लोखंडी आहेत. त्यांना धरून थांबू नका, अंतर ठेवा.

एकट्या झाडाखाली थांबू नका. बारक्या, सारख्या उंचीच्या झाडीत खोलगट जागी जाणं बरं. उथळ कपार किंवा गुहेचं तोंड ही वाईट जागा आहे, कारण कड्यावर पडलेली वीज तोंडापाशी उडी मारून माणसातून जमिनीत जाते. गुहा खोल असेल तर आत, भिंतींना न टेकता बसा. अंगावरचे केस उभे राहिले किंवा काठीतून भुणभुण ऐकू आली तर तिथल्या तिथे उकिडवे बसा: पाय जोडलेले, मान खाली, कान झाकलेले, पिशवी किंवा मॅट पायाखाली. आडवे होऊ नका. गटातल्या माणसांमध्ये पंधरा मीटरपर्यंत अंतर ठेवा, म्हणजे एकाच विजेनं सगळे पडणार नाहीत आणि मदतीला कोणीतरी उरेल.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला लगेच हात लावा. अनेकांना लागली असेल तर कण्हणाऱ्यांआधी निपचित पडलेल्याकडे जा. त्याचं हृदय बंद पडलेलं असू शकतं आणि लगेच दाबलं तर परतही येतं. छातीच्या मध्यावर तळहात, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. शिकलेला माणूस असेल तर दर 30 दाबांनंतर दोन श्वास. मदत येईपर्यंत आळीपाळीनं चालू ठेवा.

गारठा

महाराष्ट्रात गारठून कोणी मरतं का, असं सोलापुरात बसून वाटणं साहजिक आहे. माथ्यावर तापमान अठरा-वीस अंश असतं, आपल्या डिसेंबरच्या पहाटेहून जास्त. पण अंग ओलं, वर वारा, पोटात काही नाही आणि पाय थांबलेले, एवढं जुळलं की शरीराचं आतलं तापमान 35 अंशांच्या खाली जायला अठरा अंशही पुरतात. प्रत्येक हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, हेही धरा. कळसूबाई 1646 मीटर आहे.

गारठलेला माणूस स्वतःहून सांगत नाही. तो "मी बरा आहे" म्हणतो. त्यामुळे दर अर्ध्या तासानं एकमेकांना तपासा. अंगठा करंगळीला टेकवायला सांगा. जमत नसेल तर हात गेलेत. बाराचा पाढा म्हणायला लावा. सरळ रेषेत पंधरा फूट चालायला लावा. शब्द अडखळताहेत, पाढा चुकतोय, पाय फेंगडे पडताहेत, रेनकोटची चेन लावता येत नाही, कारण नसताना चिडतोय: यांतली दोन लक्षणं दिसली तरी गटाची चाल तिथेच थांबवा.

कुडकुडतोय आणि बोलणं नीट आहे, तर अजून वेळ आहे. वाऱ्याची आड बघा. जमिनीवर मॅट टाका. वरून पांघरूण कितीही घातलं तरी ओली जमीन खालून ऊब ओढते. ओले कपडे काढून कोरडा जोड आणि कानटोपी घाला, वरून कचऱ्याची मोठी पिशवी, त्यावर ताडपत्री गुंडाळा. कोरडे कपडे नसतील तर ओल्या कपड्यांवरूनच प्लास्टिक गुंडाळा, वारा आणि बाष्पीभवन तरी थांबतं. गुळाचं गरम पाणी घोटाघोटानं द्या, खायला द्या. कुडकुडणं ही शरीराची भट्टी आहे आणि तिला इंधन लागतं. अर्ध्या तासानं तो सावरला तर दोघांच्या मध्ये ठेवून हळूहळू उतरवा.

कुडकुडणं थांबलं पण माणूस सुस्त, असंबद्ध किंवा झोपाळू झाला, तर तो सुधारलेला नाही, भट्टी विझत चालली आहे. त्याला चालवू नका, उभं करू नका, हलवायचं तर आडवंच आणि अगदी अलगद. या अवस्थेत धक्क्यानं हृदयाचे ठोके बिघडतात. हातपाय चोळू नका. शेकोटीजवळ ओढत नेऊ नका. दारू तर नाहीच. ती कातडीकडे रक्त ढकलते आणि उरलेली ऊब बाहेर टाकते. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणीही घालू नका. बाटलीत गरम पाणी भरा, मोज्यात घाला आणि काखेत, छातीवर ठेवा. एखादा उबदार माणूस त्याच्यासोबत पांघरुणात झोपवा. आणि मदत मागवा.

रात्र काढावी लागली तर

हा निर्णय उजेड असतानाच घ्या. अंधारात ओल्या कातळावरून उतरण्यापेक्षा एक भिजकी रात्र केव्हाही परवडते.

जागा निवडताना चार ठिकाणं टाळा: ओढ्याचा काठ, नाळेचं तोंड, तटाचा किंवा बुरुजाचा पायथा (जुनी चिरेबंदी पावसात अचानक कोसळते), आणि मोकळ्या मातीच्या तीव्र उताराचा पायथा. माळीण 30 जुलै 2014 ला आणि इर्शाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री, दोन्ही गावं सततच्या पावसानंतर दरडीखाली गेली. उतारावर नव्या भेगा, तिरकी झालेली झाडं, एकाएकी गढूळ झालेला झरा किंवा पाऊस चालू असताना अचानक आटलेला ओढा दिसला तर त्या उताराच्या रेषेतून बाजूला व्हा. गडावर असाल तर राजगडावरचं पद्मावतीचं मंदिर, तोरण्यावरचं मेंगाईचं मंदिर, हरिश्चंद्रगडावरच्या गुहा हे नेहमीचे आसरे आहेत.

उघड्यावर असाल तर ताडपत्री वाऱ्याच्या दिशेला जमिनीलगत आणि दुसऱ्या बाजूला कमरेच्या उंचीवर तिरपी बांधा, उंच तंबू करू नका. सगळे पाठीला पाठ लावून मॅटवर किंवा पिशव्यांवर बसा, पाय रिकाम्या पाठपिशवीत घाला. दर तासाला थोडं खाणं, थोडी हालचाल. गॅस पेटवाल तेव्हा ताडपत्रीची एक बाजू पूर्ण उघडी ठेवा.

मदत मागताना

निघताना घरी एका माणसाला लिहून द्या: गड, वाट, पायथ्याचं गाव, गटातली नावं आणि "रात्री अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळव." वेळ नेमकी असू द्या.

अडचणीत 112 लावा. तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून हा फोन लागू शकतो. रुग्णवाहिकेसाठी 108. डोंगरातल्या शोध-बचावासाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यात राज्यभरातले गिर्यारोहक काम करतात. त्यांचा हेल्पलाइन क्रमांक घरूनच फोनमध्ये घालून ठेवा. पायथ्याच्या गावातल्या एका घराचा नंबरही घ्या, कारण पहिले पोचतात ते गावकरीच.

बोलणं तुटण्याआधी या क्रमानं सांगा: कुठे आहोत (गड, वाट, जीपीएसचे आकडे), किती जण, कोणाला काय झालंय, किती टक्के बॅटरी उरली, पुन्हा कधी फोन करू. तेच एसएमएसनंही पाठवा. आवाज जात नाही तिथून मेसेज जातो. मग फोन फ्लाइट मोडवर टाकून अंगालगत कोरडा ठेवा आणि ठरल्या वेळेलाच सुरू करा. मदत बोलावल्यावर जागा बदलू नका. शिट्टी किंवा बॅटरीनं मिनिटाला सहा इशारे, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर तीन इशाऱ्यांचं येतं.

उतरल्यावर

खाली आल्याबरोबर घरी, गावात आणि ज्यांना कळवलं होतं त्या सगळ्यांना सुखरूप असल्याचं सांगा, नाहीतर तुमच्या शोधात माणसं रात्रीची वर चढतील. वीज लागलेल्या किंवा शुद्ध हरपलेल्या माणसाला, तो आता ठणठणीत वाटत असला तरी, जवळच्या रुग्णालयात दाखवूनच गाडीत बसवा.

सोलापुरात परतल्यावर पुढचे तीन आठवडे तापाकडे लक्ष ठेवा. पायाला जखमा असताना चिखलपाण्यातून चालल्यानं लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, आणि गवत-झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्यानं स्क्रब टायफस. कंबर, काख, जांघ इथे काळी खपली धरलेला न दुखणारा फोड दिसतोय का ते बघा. दोन्हींवर औषध आहे आणि ते लवकर सुरू झालं तर चांगलं लागू पडतं. पण सोलापुरातल्या दवाखान्यात ताप म्हटल्यावर आधी डेंग्यू आणि टायफॉइडचाच विचार होणार, म्हणून डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा: "अमुक तारखेला घाटात होतो, ओढ्यातून चाललो, गवतात बसलो."